ज्याचं रक्त सांडलं नाही तो जखमी

चौदा एप्रिलच्या रात्री आमच्या वस्तीत मिरवणूक निघाली, की तात्या घरात जाऊन बसतात. दार लावतात, खिडकीच्या फटीत गोधडी कोंबतात आणि भिंतीकडं तोंड करून कानांवर हात धरतात. ज्या माणसानं बाबासाहेबांचा फोटो पलटणीच्या पेटीत घालून समुद्रापार नेला, तोच माणूस जयंतीच्या मिरवणुकीत नाही. पोरं हसतात. म्हणतात, मिलिटरीतला म्हातारा, आणि फटाक्याला भितोय.

तात्या माझे थोरले चुलते. १९८७ ते १९९० भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती, तिच्यात ते होते. तिथं एका कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रकखाली सुरुंग उडाला. त्या ट्रकमधल्यांचं काय झालं हे तात्या आजही सांगत नाहीत. स्वतःबद्दल एवढंच सांगतात :

"मला काय बी झालं न्हाई रं पोरा. खरचटलं सुदिक न्हाई. हवेनं उचललं आन् बांधाला नेऊन आपाटलं. दोन दिस कानात शिट्टी वाजत हुती. तिसऱ्या दिशी ड्यूटीवर उभा. ज्येंचं पाय गेलं त्येंच्यासमोर मी कुठल्या तोंडानं म्हनू, माझं डोकं दुखतंय म्हनून?"

त्यांनी सांगितलं नाही, म्हणून कागदावर आलं नाही. पेन्शनीवर घरी आले तेव्हापासून डोकं ठणकतंय, झोप तुटकी, राग नाकावर. आणि दुसरंही एक. दर पावसाळ्यात ताप. साधं पडसं झालं तरी महिना महिना उठत नाहीत. सांधे सुजतात. विसरतात. गावानं तीन निदानं केली : दारू, करणी आणि मिलिटरीचा माज. तात्या दारूला शिवत नाहीत, देवऋषाच्या दारात जात नाहीत, आणि माज म्हणाल तर वॉचमनच्या नोकरीत पाळीवर डुलकी लागली म्हणून दोनदा काढून टाकलेला माणूस कसला माज करणार? शहरातल्या एका डॉक्टरनं तपासलं, फोटो काढला आणि सांगितलं, "डोक्यात काही नाही. मनाचं आहे."

मित्रांनो, "मनाचं आहे" हे वाक्य माझ्या डोक्यात घुसलं ते निघेना. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असतो. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं शिक्षण तिसऱ्या पाळीनंतर, मांडीवर शब्दकोश घेऊन. कविता लिहिण्याचा नाद आहे, पण या एका वाक्यानं मला कवितेतून उठवून इतिहासात नेलं. जखम कोणाला म्हणायचं हे कोण ठरवतो? कधीपासून? त्याचा शोध घेतला तेव्हा कळलं, की तात्यांचं भांडण फार जुनं आहे. त्याला शंभर वर्षं उलटून गेली.

पहिल्या महायुद्धापासून सुरू करतो. फ्रान्स आणि बेल्जियमच्या चरांमध्ये माणूस बंदुकीपेक्षा तोफगोळ्यानं जास्त मरत होता. गोळा जवळ फुटायचा, अंगाला ओरखडा नसायचा, आणि तरी शिपाई मुका व्हायचा, आंधळा व्हायचा, थरथर कापायचा, चालता यायचं नाही. फेब्रुवारी १९१५ ला चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं अशा तीन शिपायांची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापली. शब्द वापरला 'शेल शॉक'. शेल म्हणजे तोफगोळा. गोळ्याचा धक्का.

आता या धक्क्याचं काय करायचं? फ्रेडरिक मॉट नावाचा दुसरा डॉक्टर. त्यानं अंगावर जखम नसताना मेलेल्या शिपायांचे मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. १९१७ ला त्यानं छापलं, की मेंदूत बारीक बारीक रक्तस्राव दिसतात. म्हणजे मेंदूला काहीतरी झालं होतं. पण मॉटच्या काचेत दिसलेलं सरकारला परवडणारं नव्हतं. मेंदू फुटला म्हटलं की ती जखम झाली. जखम झाली की मान आला, आणि पेन्शन आली. मन खचलं म्हटलं की ती शिपायाची स्वतःची गोष्ट. त्याचा बाप तसा, त्याची जात तशी, त्याचा पिंड तसा.

म्हणून ब्रिटिश लष्करानं एक युक्ती केली. शेल शॉकच्या कागदावर अक्षर घालायचं. 'डब्ल्यू' म्हणजे जखमी : शत्रूच्या गोळ्यामुळं झालं. 'एस' म्हणजे आजारी : ह्याचं हा पडला. डब्ल्यू मिळाला तर बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनीचा हक्क. एस मिळाला तर काही नाही. गोळा तोच, चर तोच, थरथर तीच. फरक एका अक्षराचा. आपल्याला हे नवीन आहे काय? दाखल्यावरच्या एका शब्दानं माणसाचं अख्खं आयुष्य कुठल्या खणात टाकायचं ते ठरतं, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो.

पुढं तेही जास्त वाटायला लागलं. १९१७ ला हुकूम निघाला, की 'शेल शॉक' हा शब्दच वापरायचा नाही. अशा शिपायाच्या कागदावर लिहायचं, 'निदान अजून झालेलं नाही, नसांचा आजार.' शब्द मारला म्हणजे रोग मेला, असा हा हिशेब.

आणि वर्ग बघा. अधिकाऱ्याला तेच झालं तर त्याच्या आजाराचं नाव 'न्यूरॅस्थेनिया' : जबाबदारीच्या ओझ्यानं थकलेल्या नसा. साध्या शिपायाला झालं तर 'हिस्टेरिया' : बायकी, कमकुवत, नक्कल करणारा. अधिकाऱ्यांसाठी एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं इस्पितळ होतं. तिथं बागा, गप्पा, स्वप्नं विचारणारा रिव्हर्ससारखा सहृदय डॉक्टर. सिगफ्रिड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे कवी तिथंच होते. शिपायांसाठी लंडनमध्ये लुइस येलँड होता. मुक्या झालेल्या शिपायाच्या घशाला तो विजेचे झटके द्यायचा, बोलेपर्यंत खोलीतून सोडायचा नाही, आणि १९१८ ला त्यानं यावर अभिमानानं पुस्तक लिहिलं. एकाच रोगाचे दोन पाणवठे. वरचा वेगळा, खालचा वेगळा.

यापेक्षा वाईट नशीब हॅरी फारचं. वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा शिपाई. १९१५ ला शेल शॉकनं पाच महिने इस्पितळात होता. पुन्हा आघाडीवर पाठवला. सप्टेंबर १९१६ ला म्हणाला, मला जमत नाही. भ्याड ठरवून खटला. खटला संपायला अर्धा तासही लागला नाही. १६ ऑक्टोबर १९१६ ला स्वतःच्याच लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. वय २५. डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही. मागं तरुण बायको आणि लहान पोरगी, आणि त्यांना पेन्शन नाही. पोरीनं म्हातारपणापर्यंत भांडण सोडलं नाही. २००६ ला ब्रिटिश सरकारनं हॅरी फारसह ३०६ शिपायांना माफी दिली. नव्वद वर्षांनी! गोळी सुटायला क्षण लागतो, कागद सुटायला नव्वद वर्षं.

आणि आपली माणसं? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १४ लाख माणसं भरती झाली. त्यातली साडेपाच लाखांहून जास्त लढणारी नव्हती. सरकारी भाषेत 'फॉलोअर'. म्हणजे झाडूवाले, भिस्ती, आचारी, धोबी, खेचरं हाकणारे, डोलीत जखमी वाहणारे, मजूर पलटणीतले हमाल. गोळा फुटताना तो झाडूवाला बघून वळत नाही. पण पगार कमी, पेन्शन कमी, आणि मान शून्य. ज्यांच्यावर 'एस' लिहायलाही डॉक्टरनं पेन उचललं नाही, अशी ही माणसं. लढणाऱ्यांवरही संशयच. फ्रान्समधले हिंदी शिपाई घरी जायला मिळावं म्हणून स्वतःच्या हातावर गोळी मारून घेतात, अशी गोऱ्या अधिकाऱ्यांत बोलवा होती. १९१५ ला ब्रायटनच्या इस्पितळात कर्नल सीटननं एक हजार जखमा तपासल्या. संशयाला आधार मिळाला नाही. दिसणाऱ्या, रक्त वाहणाऱ्या जखमेवर जिथं विश्वास नव्हता, तिथं न दिसणाऱ्या जखमेचं कोण ऐकणार?

आपल्या पलटणीचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. १८९० नंतरच्या वर्षांत 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. १९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडून टाकली. पुन्हा १९४१ ला दुसऱ्या महायुद्धात गरज पडली तेव्हा बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं बाबासाहेबांचा रेटा होता. गरज असली की लढाऊ, गरज सरली की घरी. पलटण मोडताना कोणाच्या डोक्यात काय वाजतंय हे कोण विचारत बसलं असेल?

१९२२ ला ब्रिटिश सरकारच्या समितीनं शेल शॉकवर अहवाल दिला. सार एवढंच, की मन खचलेला शिपाई हा लढाईतला जखमी म्हणून मोजू नये. फाईल बंद. मॉटनं काचेखाली बघितलेले मेंदू जवळजवळ विस्मरणात गेले.

आता विज्ञानाकडं येतो. कंटाळू नका. आपल्या चळवळीत विज्ञानाचं नाव फार घेतलं जातं आणि विज्ञान कमी वाचलं जातं.

स्फोट झाला की पहिल्यांदा येते ती दाबाची लाट, आवाजापेक्षा वेगानं. छर्रे नंतर, आपटणं त्याच्याही नंतर. ही लाट कवटीला थांबत नाही. ती कवटीतून जाते, छातीवर आदळून रक्तवाहिन्यांतून वर चढते, आणि जिथं दोन वेगळ्या घनतेच्या गोष्टी एकमेकांना चिकटल्यात तिथं ओढाताण करते : पाणी आणि मेंदू, मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग, रक्तवाहिनी आणि तिच्या भोवतीचा गर. २०१६ ला अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या डॅनियल पर्ल यांच्या तुकडीनं स्फोटात सापडलेल्या आठ सैनिकांचे मेंदू तपासून छापले. काही स्फोटानंतर थोड्याच दिवसांत मेलेले, काही वर्षांनी मेलेले. वर्षांनी मेलेल्यांच्या मेंदूत नेमके याच सांध्यांवर व्रण होते, आणि लवकर मेलेल्यांत ते व्रण धरायला सुरुवात झालेली होती. नेहमीच्या फोटोत हे व्रण दिसत नाहीत. म्हणजे "डोक्यात काही नाही" असं ज्या फोटोवरून सांगितलं जातं, त्या फोटोला हे दिसण्याची सोयच नाही.

पण तात्यांचा ताप? सुजलेले सांधे? त्याचा डोक्याशी काय संबंध? इथं मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

शरीराची एक राखण असते. जंतू आला, काटा घुसला, की ती धावते. तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. विसाव्या शतकात डॉक्टर असं धरून चालले, की मेंदू या राखणीच्या बाहेरचा आहे. १९४८ ला पीटर मेडावर यांनी सशांच्या मेंदूत परक्या कातडीचे तुकडे बसवले, आणि ते बाहेरच्यापेक्षा जास्त टिकले. त्यावरून समज घट्ट झाला, की मेंदूला खास सवलत आहे, राखणदार तिथं फिरकत नाही. थेट २०१५ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आणि फिनलंडच्या हेलसिंकीत दोन तुकड्यांनी दाखवलं, की मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या आहेत, आणि त्या मानेतल्या गाठींना जाऊन मिळतात. म्हणजे मेंदू आणि शरीराची राखण यांच्यात वाट आहे. पिढ्यान् पिढ्या माणसं कापून बघितली, आणि वाट दिसली नाही.

मेंदूचे स्वतःचे राखणदारही आहेत. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. १९१९ ला स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी या पेशी वेगळ्या ओळखल्या. म्हणजे बघा, शेल शॉकवाल्या शिपायांना सरकार नक्कली ठरवत होतं, त्याच दिवसांत एक माणूस ते राखणदार काचेखाली बघत होता. दोन्ही गोष्टी एकमेकांना भेटायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं गेली.

या पेशींचं काम गिरणीच्या भाषेत सांगतो. कापसाच्या खात्यात आग लागली की वॉचमन धावतो, घंटा वाजवतो, पाणी मारतो. बरोबरच आहे, नाहीतर गिरणी जळेल. पण समजा आग विझली आणि वॉचमनला कोणी सांगितलंच नाही. तो पाणी मारतच राहिला. रोज. वर्षानुवर्षं. मग आगीनं जे वाचलं ते पाण्यानं गंजून जाणार. स्फोटानंतर मेंदूत तसं होऊ शकतं. पेशी फुटतात, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा गळका होतो, मायक्रोग्लिया जागे होतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात. काही दिवसांत हे शांत व्हायला पाहिजे. सगळ्यांच्यात होत नाही.

२०११ ला लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डोक्याला मध्यम ते गंभीर मार लागलेल्या दहा माणसांचे मेंदू खास यंत्रानं बघितले. जखमेला १७ वर्षं होऊन गेलेल्यातही राखणदार जागेच होते. २०१३ ला ग्लासगो आणि पेनसिल्व्हेनियाच्या डॉक्टरांनी मेलेल्यांचे मेंदू तपासले. मार एकदाच बसलेला, पण काहींच्यात १८ वर्षांनीही दाह चालू. सगळ्यांच्यात नाही, वर्षाहून जास्त जगलेल्यांत चौघांत एकाच्या आसपास. ही माणसं स्फोटातली नव्हती, अपघातातली, पडझडीतली होती. पण इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या, डोक्याला इजा झालेल्या अमेरिकन सैनिकांचं रक्त पुढं तपासलं गेलं, तेव्हा काही गटांत वर्षांनंतरही दाहाची रसायनं वाढलेली सापडली, आणि ज्यांच्यात ती जास्त त्यांच्यात झोप, राग, दुःस्वप्नं यांचा त्रासही जास्त आढळला. शरीराच्या भाषेत, "मनाचं आहे" आणि "डोक्यात आहे" ही दोन वाक्यं वेगळी राहिलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एकदा भडकलेले मायक्रोग्लिया शांत दिसले तरी काठावर बसलेले असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं, की नंतर दुसरा मार बसला किंवा साधा जंतू शरीरात शिरला, तरी ते पहिल्यापेक्षा जास्त खवळतात. वाट दोन्हीकडून चालू असते. जखमी मेंदू नसांमधून आणि ताणाच्या रसायनांमधून प्लीहेला, आतड्याला, सगळ्या शरीराच्या राखणीला उलटसुलट हुकूम देतो. सुरुवातीला राखण ढिली पडते, म्हणून डोक्याला मोठा मार बसलेला माणूस इस्पितळात न्यूमोनियानं जातो. पुढं काहींच्यात उलटं होतं, राखण घरच्यांवरच उठते : मेंदूच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं रक्तात सापडलेली आहेत.

तात्यांचा ताप याचाच, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरलाही एका माणसाच्या बाबतीत हे एवढं सरळ सांगता येत नाही. हे पुरावे गटांचे आहेत. दाह थांबवून हा आजार मुळासकट बरा करणारं औषध आजही नाही. झोप सुधारणं, डोकेदुखीवर उपचार, कान तपासणं, मनाचा आधार, आणि दुसऱ्या धक्क्यापासून जपणं, एवढं हातात आहे. पण "काही झालं नाही" हे म्हणण्याचा अधिकार आता कोणाला उरलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कळल्यावर तरी जग सुधारलं असेल. ऐका. ८ जानेवारी २०२० ला इराणनं इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली. त्या सकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, आमच्या एकाही माणसाला इजा नाही. दोन आठवड्यांनी विचारलं तर म्हणाले, डोकेदुखी वगैरे आहे म्हणे, गंभीर नाही. फेब्रुवारीपर्यंत आकडा शंभरावर गेला : मेंदूला इजा झालेले १०९ सैनिक. जखमी सैनिकाला देतात ते 'पर्पल हार्ट' पदक आधी २९ जणांना मिळालं. आणखी ३९ जणांचं डिसेंबर २०२१ ला मंजूर झालं, जवळजवळ दोन वर्षं भांडल्यावर. बाकीच्यांचं? पुन्हा तेच, डब्ल्यू का एस. शंभर वर्षांनी अक्षरं बदलली, पेन त्याच हातात.

आणि ज्यांच्यावर शत्रूचा गोळा पडलाच नाही त्यांचं तर नावच नको. २०१६-१७ ला सीरिया-इराकात इस्लामिक स्टेटवर रात्रंदिवस तोफा डागणारी अमेरिकन पोरं घरी आली ती झोप उडालेली, भास होणारी. शत्रूनं त्यांना हातही लावला नव्हता. स्वतःच्याच तोफेचा दाब हजारो वेळा डोक्यातून गेला होता. २०२३ ला वर्तमानपत्रांनी हे बाहेर काढलं, २०२४ ला अमेरिकन संरक्षण खात्यानं स्फोटाचा दाब मोजायचे आणि सैनिकाला दूर ठेवायचे नियम केले. तोफेच्या तोंडाशी कोण असतो? नकाशावर बोट ठेवणारा नसतो. गोळा उचलून भरणारा असतो. कष्टकऱ्याचा, शेतमजुराचा, काळ्याचा, आपला पोरगा असतो. कापसाची धूळ कोणाच्या छातीत जाते? तसंच आहे हे.

आपल्या देशातलं बोलू. सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनीचा सगळा वाद एका वाक्यावर असतो : आजार नोकरीमुळं झाला किंवा नोकरीमुळं वाढला का? धरमवीर सिंग नावाचा एक शिपाई. १९८५ ला सिग्नल कोअरमध्ये भरती झाला, १९९४ ला फिट येतात म्हणून घरी पाठवला. कागदावर लिहिलं, आजार याच्या पिंडातला आहे, नोकरीशी संबंध नाही. पेन्शन नाही. तो लढत गेला. २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर. त्याची केस स्फोटाची नव्हती. पण "पिंडातला आहे" हे शब्द वाचताना मला १९१७ चा तो कागद आठवला. २०२३ ला संरक्षण खात्यानं पेन्शनीचे नियम पुन्हा बदलले, त्यामुळं आता कोणाचीही केस चालवताना माणूस कधी सुटला आणि त्याला कोणते नियम लागू, हे आधी बघावं लागतं.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांनो, भाषणात पलटणीचा इतिहास सांगता, सांगा. कोरेगावच्या खांबाला सलामी देता, द्या. पण वस्तीत जो जिवंत शिपाई कानावर हात ठेवून बसलाय, त्याच्याही दारात जा. विचारा : काका, कुठं होता? स्फोट किती हातांवर झाला? बेशुद्ध पडला होता का? कानातून रक्त, शिट्टी? तेव्हा बरोबर कोण होतं, आज कुठं राहतं? डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा कागद, इस्पितळाच्या चिठ्ठ्या लग्नाच्या पेटीत कुजत असतील, त्या बाहेर काढा, झेरॉक्स करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. तिथं नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. आणि त्याच्या बायकोलाही विचारा. रात्री त्याला काय होतं याची खरी साक्षीदार तीच असते. हॅरी फारचा कागद त्याच्या घरच्या बायांनीच सोडवून आणला.

मागल्या रविवारी मी हे सगळं तात्यांना वाचून दाखवलं. मधले इंग्रजी शब्द गाळून, सोपं करून. मायक्रोग्लियाचं वॉचमनचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसले. स्वतः वॉचमन होते ना.

म्हणाले, "म्हंजी मी भ्यालो न्हवतो म्हनायचं."

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही कधीच भ्याला नव्हता."

बराच वेळ बोलले नाहीत. काकू चुलीपाशी होत्या, त्यांनी पदरानं डोळे पुसले, धूर नव्हता तरी. मग तात्या उठले, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. वर बाबासाहेबांचा फोटो, कडा खाल्लेल्या. खाली डिस्चार्ज बुक. आम्ही दोघं कंदिलाएवढ्या बल्बखाली बसलो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : रस्ता कुठला, महिना कुठला, ट्रक किती पावलांवर होता, किती दिवस कानात शिट्टी. त्या पुढच्या ट्रकमधल्या तीन माणसांची नावं त्यांनी पहिल्यांदाच घेतली. दोन पानं झाली. खाली त्यांनी नाव, नंबर लिहून सही केली.

सोमवारी पाळी संपल्यावर मी झेरॉक्स काढायला जाणार आहे.